फोटोतली स्टेशने, फोटोबाहेरची माणसे

मुंबईच्या जुन्या स्टेशनांचे फोटो पाहिले की माणूस हरखून जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी जेथून पहिली गाडी ठाण्याकडे निघाली ते बोरीबंदर, पुढे तेथे स्टीव्हन्सच्या आराखड्याने उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, भायखळ्याचे जुने स्टेशन. कमानी, घुमट, टांगे, टोपीवाले साहेब! परंतु दगड फोडणारे हात, बोरघाटात राबता राबता मेलेले मजूर या फोटोंत कुठे आहेत? २००४ साली व्हीटीला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिचा दगड वाहणारा मात्र निनावीच राहिला.

१९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या छोट्या भीमरावाचे काय? जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची, असे ठरले. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले.

बजाजनगरच्या कामगार बांधवांनो, हा धडा आपल्यासाठी आहे. निजामाच्या रेल्वेचे औरंगाबाद स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आपल्यापासून लांब नाही. तेथील मीटरगेज इतिहासजमा झाली. त्या गाडीने कामाच्या शोधात आलेली पिढी आता थकली आहे. घरातल्या पेटीत स्टेशनवर काढलेला एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे नाव, गाव, साल आजच लिहा. फोटो नसेल तर आठवण लिहा. आपण लिहिले नाही, तर उद्याच्या इतिहासात पुन्हा नुसत्या कमानीच दिसतील!