श्या राजांचा शोध: ग्रंथ काय सांगतात, जमीन काय सांगते

चीनचे जुने ग्रंथ म्हणजे निव्वळ भाकडकथा, हा गैरसमज एकेकाळी खुद्द चिनी विद्वानांतही होता. 1920 च्या दशकात इतिहासकार कू च्येकांग यांनी मार्मिक निरीक्षण नोंदवले: ग्रंथ जितका उशिराचा, तितका त्यातला आद्य राजा जास्त जुना! परंपरेने चिनी लोकांचा आद्य राजा मानलेल्या पीत सम्राटाबद्दल ही शंका आजही रास्तच आहे.

पण शांग राजघराण्याने या शंकेखोरांना चकवले. 1899 मध्ये बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेली अक्षरे अभ्यासकांच्या नजरेस पडली. ते होते राजाने दैवाला विचारलेले कौल: पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, दातदुखी कोणत्या पूर्वजामुळे? वांग क्वोवेइ यांनी 1917 मध्ये त्यांतली राजांची नावे जुळवली, तेव्हा इतिहासकार सिमा च्येनने इ.स.पू. 100 च्या सुमारास लिहिलेली शांग वंशावळ किरकोळ चुका वगळता खरी निघाली. जवळपास हजार वर्षांनी लिहिलेली, तरीही!

मग त्याआधीचे श्या घराणेही खरेच असणार, असे अनेकांना वाटू लागले. इथेच उडी मोठी पडते. हनान प्रांतातल्या अर्लितोउ इथे 1959 पासून उत्खनन झाले आणि राजवाडे, रस्ते, कांस्य ओतण्याच्या कार्यशाळा सापडल्या. काळ साधारण इ.स.पू. 1750 ते 1530. चीनमधले बहुतेक पुरातत्त्वज्ञ याला श्यांची राजधानी मानतात. मात्र तिथे एकही लेख मिळालेला नाही आणि शांगांच्या कौलांत श्या घराण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. नगर आहे, नाव नाही.

ग्रंथांत नाही ते घडलेच नाही, ही समजूत तर सर्वांत फसवी. शांग राणी फू हाओ सैन्य घेऊन लढायला जात असे, हे कौलांतून कळते. सिमा च्येनला तिचा पत्ताच नाही. 1976 मध्ये अन्यांगला तिची न लुटलेली कबर उघडली, तेव्हा 1900 हून अधिक वस्तू निघाल्या. सिच्वानमधल्या सानशिंगत्वेइ इथले बटबटीत डोळ्यांचे कांस्य मुखवटे 1986 मध्ये खड्ड्यांतून वर आले. असे मुखवटे घडवणाऱ्या संस्कृतीची ग्रंथांतून फारशी कल्पना येत नव्हती.

चीनच्या पाच हजार वर्षांच्या परंपरेचा दाखला म्हणून आता यांगत्सेच्या मुखाजवळच्या ल्यांगचूकडे बोट दाखवले जाते. तिथले बंधारे खरोखर तेवढे जुने आहेत, 2019 पासून ते स्थळ जागतिक वारशातही आहे. पण पीत सम्राटाशी त्याचा धागा जोडणारा एकही पुरावा तिथे नाही.