लूपमधलं रिकामं व्हेरिएबल आणि गप्प बसलेला कंपायलर

गेल्या जानेवारीत, इथे ड्रेस्डेनला, आमच्या छतावरच्या सेन्सरने सलग तीन आठवडे शून्य अंश तापमान दाखवलं. बाहेर बर्फ, त्यामुळे शून्य कोणाला खटकणार? बरोब्बर शून्यच कसं, हा प्रश्न सुचायला तीन आठवडे गेले.

चूक माझीच. आकडे स्वल्पविरामांनी वेगळे करून फाइलमध्ये लिहिणारा सी भाषेतला एक छोटा लूप मी लिहिला होता. त्यात ‘पहिला’ नावाचं व्हेरिएबल होतं. ते ० असेल तर आकड्याआधी स्वल्पविराम छापायचा, आणि फेरीच्या शेवटी त्यात ० भरायचं. लूपआधी १ भरायला मात्र मी विसरले. त्यामुळे प्रत्येक ओळ स्वल्पविरामानेच सुरू झाली, सगळे आकडे एक रकाना पुढे सरकले आणि रिकाम्या पहिल्या रकान्याला पुढच्या प्रोग्रामने शून्य मानलं.

तुम्ही म्हणाल, कंपायलरने इशारा कसा दिला नाही? मलाही हाच राग आला होता.

कंपायलर प्रोग्राम चालवून बघत नाही, तो वाटा तपासतो. लूपच्या तोंडाशी दोन वाटा मिळतात: एक वरून येणारी, दुसरी फेरी संपवून परत येणारी. वरच्या वाटेवर ‘पहिला’ रिकामं, परतीच्या वाटेवर भरलेलं, म्हणून तोंडाशी उत्तर ‘कदाचित रिकामं’. पण परतीच्या वाटेवर काय आहे हे लूपचा आतला भाग तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आतला भाग तपासायला तोंडाशी काय आहे ते हवं! म्हणून कंपायलर एक अंदाज धरतो आणि उत्तर बदलायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरतो. ‘भरलेलं’चं ‘कदाचित रिकामं’ होऊ शकतं, उलट कधीच नाही, म्हणून हे फिरणं नक्की थांबतं. ही पद्धत गॅरी किल्डॉल यांनी १९७३ साली मांडली. खोलात जायचं असेल तर आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९चं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं पुस्तक जरूर बघा.

मग माझ्या लूपचं काय झालं? मी जीसीसी वापरत होते, वेग वाढवणारं ऑप्टिमायझेशन चालू ठेवून. त्याच्या हिशेबात लूपच्या तोंडाशी ‘पहिला’ म्हणजे ‘वरून आलात तर अनिश्चित, मागून आलात तर ०’. अनिश्चित किंमत काहीही धरता येते, मग ०च धरू, म्हणजे दोन्हीकडून ०! व्हेरिएबलच उडालं. ‘कदाचित रिकामं’ची तपासणी त्यानंतर होते, तोवर तक्रार करायला काही उरलेलंच नसतं. जीसीसीची ही उणीव जुनी आणि माहितीतली आहे.

ऑप्टिमायझेशन बंद केलं तर? तेव्हा जीसीसी ‘कदाचित’वाले इशारे देतच नाही. माझ्या लॅपटॉपवर ते बंदच होतं, तिथे त्या जागी मेमरीतला कुठला तरी शून्येतर कचरा पडलेला असायचा आणि फाइल अगदी बरोबर यायची. जावा असती तर प्रोग्राम कंपाइलच झाला नसता. ती इतकी कडक आहे की व्हेरिएबल नक्की भरलेलं आहे हे आपल्याला दिसत असतानाही कधीकधी अडून बसते. एरवी मला त्याचा वैताग येतो.

शेवटी ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलेला प्रोग्राम व्हॅलग्रिंडखाली चालवला. प्रत्येक बिटवर खूण ठेवून ते प्रत्यक्ष चालताना तपासतं. पहिल्याच ओळीला त्याने बोट ठेवलं. आकडे एक रकाना मागे सरकवले, आणि तीन आठवड्यांची मोजमापं वाचली.