पाठीवर दोन पट्टे, ओळखा पाहू कोण?

रात्री पाणी प्यायला उठलात आणि स्वयंपाकघरातला दिवा लावलात, की ओट्यावरून काहीतरी सुर्रकन शेगडीखाली पळतं ना? ‘ईऽऽ, झुरळ!’ असं ओरडा हवं तर, पण पुढच्या वेळी आधी नीट बघा. कुठलं झुरळ आहे ते?

मोरीच्या जाळीतून वर येणारं, तांबूस, साडेतीन-चार सेंटीमीटरचं असेल तर ते अमेरिकन झुरळ. ओट्यावरचं मात्र बहुधा छोटुकलं असतं. जेमतेम दीड सेंटीमीटर, रंग फिकट तपकिरी. त्याच्या डोक्याच्या मागे ढालीसारखा भाग असतो. त्यावर दोन काळे उभे पट्टे दिसले, की खुशाल सांगा, हे जर्मन झुरळ! त्याला पंख असतात, पण ते उडत नाही, पळतं. आणि पांढरंशुभ्र दिसलं तर? ती वेगळी जात नाही. त्याने नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत ते पुन्हा तपकिरी होतं.

जर्मन म्हणजे ते जर्मनीहून आलं का? छे! लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये त्याला हे नाव दिलं, तेव्हा ते युरोपात सापडत होतं एवढंच. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी १७ देशांतल्या २८१ झुरळांचा डीएनए तपासला. तेव्हा कळलं, की ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये, रानातल्या आशियाई झुरळापासून तयार झाली. मग माणसांच्या सामानातून ती जगभर पोचली. आता ती माणसाच्या घरादारांतच राहते.

तिथे ती एवढी वाढते कशी? मादीच्या पोटाच्या टोकाला अंड्यांची एक डबी असते. डबीत ३० ते ४० अंडी. इतर बरीच झुरळं अशी डबी कुठेतरी टाकून निघून जातात. ही मादी मात्र पिल्लं बाहेर यायची वेळ होईपर्यंत ती जपून सोबत वागवते.

आता खरी गंमत ऐका. झुरळं मारायच्या औषधात पूर्वी ग्लुकोज घालायचे, कारण गोड खायला झुरळं येतात. काही झुरळांना मात्र जन्मतःच ग्लुकोज कडू लागत होतं! ती औषधाला तोंड लावेनात, म्हणून वाचली. त्यांची पिल्लंही तशीच निघाली. थोड्याच वर्षांत काही ठिकाणी अशा झुरळांचीच गर्दी झाली. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि ती चक्क स्वयंपाकघरात घडली!

मग झुरळांना घालवायचं कसं? झुरळ एखादवेळी औषधातून वाचेल, पण पाण्यावाचून फार दिवस काढू शकत नाही. म्हणून झोपण्यापूर्वी सिंक कोरडं करा, ओला कपडा पिळून वाळत घाला, खरकटं झाका, आणि ओट्यामागच्या फटी आईबाबांच्या मदतीने बुजवा. औषधाला मात्र मोठ्यांनीच हात लावायचा!