कॅसेटमधलं लग्न संगणकात उतरताना

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटी अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. त्या संगणकात घ्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘सॉफ्टवेअर कुठलं?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. चित्र बरं येणार की वाईट, हे व्हीसीआरपाशीच ठरतं.

व्हीएचएस हे तंत्र जपानच्या जेव्हीसीने १९७६ मध्ये बाजारात आणलं. त्याची फीत अर्धा इंच रुंद, आणि आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्राचा सिग्नल मावणं अशक्य. म्हणून हेडच फिरते ठेवलेत. तिरका बसवलेला ड्रम सेकंदाला २५ गिरक्या घेतो आणि त्यावरची दोन हेड आळीपाळीने फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. एकेक रेघ सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यात अर्धी फ्रेम. फीत जराशी ताणलेली असली की चित्राच्या ओळी वेळेवर येत नाहीत, किंचित मागेपुढे होतात. जुना टीव्ही हे चालवून घ्यायचा. स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर उपकरण मात्र गोंधळतं, मधल्या फ्रेम गाळतं. मग अक्षता आधी पडतात आणि ‘सावधान’ मागाहून ऐकू येतं! यावर उतारा म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो आलेल्या ओळी क्षणभर धरून ठेवतो आणि समान अंतराने पुढे सोडतो. काही उंची एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. असा व्हीसीआर मिळाला तर सोडू नये.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी ती उजेडात धरून तिच्या खिडकीतून बघावी. फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालूच नये. हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा जाते. ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला मूळ डीव्ही फाइलही मागावी, कारण व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. नसलेला तपशील एचडीने येत नाही. अमेरिकेतल्या नातलगांनी तिथे चित्रित केलेली कॅसेट बहुधा तिथल्या ‘एनटीएससी’ पद्धतीची निघते. तिला दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो, आणि फुनाई या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर कुणीच बनवत नाही.