मिटता चाकू : त्याची घडण आणि त्याची जोडणी



कामगार चळवळीतला माणूस चाकूवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. म्हणून आरंभीच सांगतो, की माझा विषय भांडणाचा चाकू नव्हे. खिशात मावणारा, नखाने उघडायचा, पेरू कापायला आणि पुडक्याची दोरी तोडायला उपयोगी पडणारा जो साधा मिटता चाकू, त्याची घडण कशी असते, तो सुटा कसा करावा आणि पुन्हा कसा जोडावा, एवढेच मी सांगणार आहे. माझ्या नावापुढे पदवी नाही. शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण दिवसा वसई पूर्वेच्या गाळ्यांत आणि रात्री वाचनालयात झाले. तेव्हा भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

या विषयाशी माझा संबंध एका चुकीतून आला. माझे वडील वसईत केळीच्या वाडीत काम करीत. शिंगाच्या मुठीचा एक चाकू कायम त्यांच्या खिशात असे. सुंभ कापायचा त्यानेच, आंब्याचे कलम बांधायचे त्यानेच. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला, तेव्हा केळीच्या चिकाने इतका घट्ट झाला होता, की नख तुटेल पण पाते उघडणार नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. कारखान्यात काम करतो, म्हणजे आपल्याला सगळे येते, अशी घमेंड होती. पाते अर्धवट उघडे ठेवून, दगडावर टेकवून, खिळ्याने त्याच्या खिळी ठोकून काढल्या. स्प्रिंग उसळून दूर पडली आणि तिला तडा गेला. मोडायला पाच मिनिटे लागली. जोडायला दोन महिने. ते दोन महिने मी जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी एका शब्दाकडे पाहू. बोरू तासण्याच्या लहान चाकूला आपल्याकडे कलमतराश म्हणत. कलम म्हणजे लेखणी. त्याच चाकूने माळी खुंटावर डोळा बसवतो, तेही कलमच. आपल्या डहाणू-घोलवडकडे खिरणीच्या खुंटावर चिकू बांधतात तसे. आणि तिसरे कलम कायद्याचे. १९५१ च्या पोलीस कायद्याचे ३७ वे कलम मोर्चे काढणाऱ्या आम्हा लोकांना तोंडपाठ असते. त्याखाली मनाईहुकूम जारी असला, की काठीबरोबर चाकूही घरी ठेवावा लागतो. ती शिस्त पाळावी, हे मी आमच्या सभांतूनही सांगतो.

आता चाकूकडे वळू. त्याचे मुख्य भाग मोजकेच. एक पाते. दोन बाजूंना पितळेच्या दोन पातळ पट्ट्या, म्हणजे मुठीचे अस्तर. त्या अस्तरांवर बाहेरून लाकडाच्या, शिंगाच्या किंवा हाडाच्या दोन फळ्या. दोन अस्तरांच्या मधोमध, मुठीच्या पाठीवर, पोलादी स्प्रिंगची एक पट्टी. तिला आपण पाठपट्टी म्हणू. आणि हे सगळे एकत्र बांधणाऱ्या तीन खिळी. पहिलीवर पाते फिरते. दुसरी पाठपट्टीच्या मध्यावर, तिसरी शेपटाकडे. पाठपट्टीचे पात्याकडचे टोक मात्र कोणत्याच खिळीत अडकलेले नसते. ते मोकळे असते, आणि सगळी गंमत त्या मोकळ्या टोकात आहे.

पात्याचा जो भाग मुठीत राहतो त्याला मी बूड म्हणतो. अडकित्त्याची दोन पाती एका खिळीवर फिरतात, पण ती कुठेही थांबतात, कारण त्यांना थांबवणारे काही नाही. चाकूच्या बुडाला मात्र सपाट बाजू घासलेल्या असतात. पाते उघडे असते तेव्हा पाठपट्टीचे टोक एका सपाट बाजूवर बसते. मिटलेले असते तेव्हा दुसऱ्या. काही चाकूंत मधे, काटकोनात, तिसरी बाजूही असते. एका बाजूवरून दुसरीवर जाताना बुडाचा कोपरा पाठपट्टीला वर उचलतो, ती वाकते, आणि पुढची सपाट बाजू आली की खाली बसते. तो जो ‘टक्’ आवाज येतो, तो हाच.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात धरा. या चाकूला कुलूप नसते. सिनेमात दिसतो तो रामपुरी उघडला की खटक्यात अडकतो, आणि खटका सोडवल्याशिवाय मिटत नाही. मिटत्या चाकूत पाते केवळ पाठपट्टीच्या दाबावर उभे असते. कापताना धारेवर येणारा जोर पात्याला अधिकच उघडू पाहतो, आणि बूड पाठपट्टीच्या टोकाला टेकून तो झेलते. म्हणून कापायला भीती नाही. पण टोक खुपसले, किंवा पात्याच्या पाठीवर दाब दिला, तर पाते मिटते आणि बोटांवर येते. या चाकूने भोके पाडू नयेत आणि डबे उचकटू नयेत, याचे कारण एवढेच.

पाते आणि पाठपट्टी दोन्ही पोलादाची, पण पाणी देण्याची रीत वेगळी. तापवून बुडवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. त्याला पुन्हा बेताने तापवावे लागते. साधे पोलाद सुमारे २२० ते २३० अंशांवर गवती पिवळे दिसू लागते. पाते तिथेच थांबवतात, म्हणजे धार टिकते. पाठपट्टी तशीच पुढे, सुमारे ३०० अंशांवर, निळी होईपर्यंत नेतात, म्हणजे ती वाकते पण तुटत नाही. माझ्या वडिलांच्या चाकूत तडा गेला तो या निळ्या पट्टीला.

पाठीला स्प्रिंग असलेल्या या चाकूचे मोठे माहेरघर इंग्लंडमधील शेफील्ड. तिथल्या चाकूवाल्यांची कंपनी १६२४ साली कायद्याने स्थापन झाली. तिथे एक माणूस पाते ठोकी, दुसरा दगडावर घाशी, तिसरा चाकू जोडी. यातला घासणारा लवकर मरे. तो वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवून बसे, आणि दगडाची धूळ फुप्फुसात जाई. कोरड्या दगडावर घासणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे, अशी नोंद एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात केली आहे. त्या रोगाला आज आपण सिलिकोसिस म्हणतो. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही, ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक होते, त्या यादीत हे नाव होते. आता चाके कृत्रिम दगडाची आली, तरी धातूची धूळ राहिलीच. गाळ्यात बफिंग करणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा असतो, तेव्हा मला शेफील्ड आठवते. रुमालाने ही धूळ अडत नाही. धूळ ओढणारा पंखा आणि खरा मुखवटा हवा, आणि तो मालकाने द्यायला हवा. चकचकीत पाते हातात घेताना ते कोणाच्या श्वासावर चकाकते, याचा विचार व्हावा, इतकेच माझे मागणे.

त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली नावाचा गृहस्थ झाला. पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला, प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता शिकला, आणि १९१३ साली त्याने न गंजणारे पोलाद तयार केले. स्वतःच्या हिंमतीवर शिकणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

आता चाकू सुटा करण्याविषयी. पहिला नियम असा, की गरज नसेल तर करू नये. दहातले बहुतेक घट्ट चाकू मळाने घट्ट झालेले असतात. ऊन पाण्यात थोडा साबण घालून जुन्या टूथब्रशाने सांधा घासावा, चांगला वाळवावा, तेलाचा एक थेंब सोडावा आणि पाते सावकाश उघडमीट करावे. काळे तेल बाहेर येईल. ते पुसून पुन्हा थेंब द्यावा. माझ्या वडिलांच्या चाकूला खरे तर एवढेच हवे होते.

पण पाठपट्टी तुटली, किंवा खीळ झिजून पाते लडबडू लागले, तर सुटा करावाच लागतो. पाते मिटून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. ते अर्धवट उघडे ठेवू नये. त्या वेळी पाठपट्टी सर्वांत जास्त ताणलेली असते. कोणती बाजू कुठली, याची खूण करावी. खिळीचे टोक ठोकून पसरवलेले असते. ते एका बाजूने कानशीने सपाट करावे. मग चाकू भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून, खिळीपेक्षा बारीक पंचाने हलके ठोकावे. आधी मधली खीळ काढावी, म्हणजे पाठपट्टीचा ताण उतरतो. मग शेपटाची, शेवटी पात्याची. काढलेली खीळ पुन्हा वापरता येत नाही. म्हणून खिळीच्या जाडीची पितळी तार आधीच जवळ ठेवावी.

जोडणी याच्या उलट क्रमाने. सगळे भाग पुसावेत, बुडाच्या सपाट बाजूंना बोट लावून पाहावे. खरखर असेल तर बारीक पॉलिशपेपरने घालवावी, पण कोपरे गोल करू नयेत. पात्याची खीळ घालावी, मग शेपटाची. आता असे दिसेल, की पाठपट्टीचे मधले भोक अस्तराच्या भोकाशी जुळत नाही, अर्धा-एक मिलिमीटर बाहेर राहते. ही कारागिराची चूक नव्हे. तो फरक मुद्दाम ठेवलेला असतो. तेवढी पाठपट्टी दाबून बसवली, की तिच्यात कायमचा ताण राहतो. लाकडाचे तुकडे लावून चाकू व्हाईसमध्ये धरावा, हळूहळू आवळावा, भोके जुळली की टोकाला निमुळती केलेली तार घालावी.

तारेचे टोक दोन्ही बाजूंना तिच्या जाडीच्या निम्मे बाहेर ठेवावे. ठोकण्याआधी बूड आणि अस्तर यांच्यामध्ये तेलकट कागदाचा पातळ कपटा सरकवावा, नाहीतर पाते आवळून बसते. मग गोल तोंडाच्या लहान हातोडीने, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, हलके ठोके. चार ठोके झाले की पाते हलवून पाहावे. शेवटी कपटा ओढून काढावा.

परीक्षा अशी. उघड्या आणि मिटलेल्या स्थितीत पाठपट्टी अस्तराच्या कडेशी सपाट बसावी. पाते आडवे हलू नये. मिटल्यावर धार पाठपट्टीवर आपटू नये. आणि दोन्ही वेळा ‘टक्’ ऐकू यावा.

हे मला शिकवले ते विरारला राहणाऱ्या एका वृद्ध फिटरने. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली आणि ते इकडे आले. त्यांनी घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगवर समाधान न मानता, पोलादाच्या पट्टीतून नवी पाठपट्टी कानशीने घासून घेतली. माझ्याकडून, स्वतः नव्हे. मी तीन बिघडवल्या, चौथी बसली. पैसे विचारले तर म्हणाले, “पैसे राहू देत. पुढच्याला शिकव.”

तो चाकू आज घरी आहे. सभेत आणला नाही, त्याचे कारण ३७ वे कलम नव्हे, तर आमच्या सूनबाईंनी सकाळीच तो गुलाबाच्या कलमांसाठी नेला. ते काका आता हयात नाहीत. त्यांचे ऋण मी आज आपल्यापुढे थोडे फेडले, असे समजतो.