मनीचा बॉल, ब्रूनोचं पोट!

ऑफिसमधून थकूनभागून घरी यावं, तर दारात ब्रूनो शेपटी हलवत उभा आणि फ्रिजवरून मनी रोखून बघतेय. दोघांनाही खेळायचंय, तेही आत्ता! मग काय, खेळण्यांची टोपली जमिनीवर उपडी करायची आणि आपण सोफ्यावर आडवं व्हायचं. माझ्याकडे हेच चालायचं. एका रात्री मनीच्या स्पंजच्या बॉलवर ब्रूनोने झडप घातली आणि गट्टम! नशीब, डॉक्टरांनी लगेच उलटी करवून तो बाहेर काढला.

तेव्हापासून टोपल्या दोन. मांजराचा लिंबाएवढा बॉल लॅब्रॅडॉरच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. कुत्र्याचा बॉल घशात जाणारच नाही एवढा मोठा हवा. आणि मनीची पिसंवाली दोरी? खेळ संपला की थेट कपाटात. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा आतच सरकतो. तो कुठे अडकला, की लेंग्याच्या नाडीने नेफ्याला पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात. दोऱ्याचं टोक दिसलं तरी ओढू नका, डॉक्टर गाठा.

वेळाही वेगळ्या. आधी ब्रूनोला खाली दमवून आणायचं. मग बेडरूमचं दार लावून मनीसोबत दहा-पंधरा मिनिटं. लेझर फिरवलात तर शेवटी खाऊ द्या, नाहीतर बाईसाहेब शिकार हाती न लागल्याने चिडतात. तोवर दाराबाहेर ब्रूनो पोकळ रबरी खेळण्यातला बिनमिठाचा दहीभात चाटत बसतो.