न लिहून घेतलेली फिर्याद

गेल्या दहा-बारा वर्षांत खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या कथनांना फार मोठी बाजारपेठ मिळाली आहे. ही कथने तीन रूपांत येतात. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर भागाभागांनी ऐकावयाची श्राव्य मालिका. माहितीपट-मालिका म्हणजे मुलाखती, जुन्या चित्रफिती, खटल्याचे कागद आणि नटांकडून करवून घेतलेले प्रसंग यांची जोडणी. तिसरे रूप नाट्याचे. त्यात घटना खरी असते, पण माणसांची नावे, संवाद आणि कित्येकदा शेवटही लेखकाचा असतो.

ह्या मालिकांची परीक्षणे मी नियमाने वाचतो. वेग कसा आहे, अभिनय कसा आहे, उत्कंठा शेवटपर्यंत टिकते की नाही, याच्या पलीकडे ती सहसा जात नाहीत. मला ह्या कसोट्या अपुऱ्या वाटतात. करमणुकीवर माझा आक्षेप नाही. परंतु गुन्हा म्हणजे काय आणि गुन्हेगार कोण, याविषयीची एक संपूर्ण कल्पना ह्या मालिका लाखो घरांत पोहोचवीत आहेत. ज्या समाजाने गुन्ह्याची झळ दोन्ही बाजूंनी सोसली, कधी बळी म्हणून आणि कधी जन्मजात गुन्हेगार म्हणून, त्याने ही कल्पना तपासून घेतली पाहिजे.

ह्या प्रकाराचा कणा एका प्रश्नावर उभा असतो : हे कोणी केले? प्रेक्षकाला अखेरपर्यंत बांधून ठेवणारा धागा हाच. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. कोणी केले हे पहिल्या दिवसापासून साऱ्या गावाला ठाऊक असते. प्रश्न असतो तो दुसराच : फिर्याद कोणी लिहून घेतली नाही? मी काही वर्षे एका तालुक्याच्या न्यायालयाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. तेथे येणारा माणूस आरोपीचे नाव, बापाचे नाव, घराची दिशा सारे सांगत असे. त्याला तपास नको होता. ठाण्यात एनसी करून घरी पाठवले, अदखलपात्र म्हणून टिपून घेतले, त्याचा गुन्हा नोंदवून हवा, एवढेच त्याचे मागणे असे. अशा माणसाची गोष्ट उत्कंठेच्या साच्यात बसत नाही. म्हणून ती सांगितली जात नाही.

हा साचा नवा नाही. १८३९ साली फिलिप मेडोज टेलर ह्या निजामाच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनला प्रसिद्ध झाली आणि तिकडे ती अतिशय गाजली. खऱ्या ठगांच्या जबान्यांवर ती आधारलेली आहे. तिची मांडणी ध्यानात घ्यावी : कैदी सांगतो आहे आणि साहेब ऐकतो आहे. गुन्ह्याची गोष्ट गुन्हेगाराच्या तोंडची, पण तिला आकार देणारा हात सत्तेचा. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांच्यावर हजेरी बसली, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत कोंडले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. तरी सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी तीच नजर पुढे चालू ठेवली.

त्या नजरेला मराठीतून उत्तर मिळाले ते १९८७ साली, लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने. आपण त्याला आत्मकथन म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण मी त्याकडे गुन्ह्याची उलट बाजूने सांगितलेली सत्यकथा म्हणूनही पाहतो. येथे साहेब ऐकत नाही, कैद्याला आकार देत नाही. ज्याच्या दारात पोलीस येतात तोच बोलतो आणि चोरी, भूक, मार ह्यांची साखळी कोठून सुरू होते ते दाखवतो. पडद्यावरील गुन्हेकथेचे परीक्षण करताना ही कसोटी आपल्या हाताशी आधीपासूनच आहे.

ती लावून पाहू. 'दिल्ली क्राइम' ह्या नाट्यमालिकेचे पहिले पर्व २०१९ साली आले. २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या तपासावर ते आधारलेले होते आणि त्याला २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. दुसरे पर्व २०२२ सालचे. त्यात दिल्लीत वृद्धांचे खून होतात, पद्धत 'कच्छा-बनियान' टोळीची वाटते, आणि पोलीस विमुक्त जमातींच्या वस्तीवर धाड घालून माणसे गोळा करतात. ह्या जमातींचा जाणकार म्हणवणारा एक निवृत्त अधिकारी बोलावला जातो. त्याचे ज्ञान म्हणजे १८७१ च्या कायद्याचेच ज्ञान. अखेर असे निघते की खरे खुनी त्या जमातींचे नव्हतेच, त्यांनी केवळ पद्धतीची नक्कल केली होती.

मालिकेने हा पूर्वग्रह उघडा केला, हे तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. पण प्रश्न असा की, हे सत्य कोणाला सापडते? ते पोलीस अधिकारी असलेल्या नायिकेला सापडते, आणि तिची सद्सद्विवेकबुद्धी हा कथेचा कळस होतो. उचलून आणलेल्या माणसांचे उरलेले आयुष्य, त्यांची बुडालेली मजुरी, पुन्हा केव्हाही दार वाजेल ही धास्ती, हे सारे कथेच्या कडेला राहते. अन्याय दिसतो तो अन्याय करणाऱ्याच्या पश्चात्तापातून. जीपच्या मागच्या बाजूला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी तो दिसत नाही.

आता नागपूरकडे वळतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायाच्या खोलीतच, अक्कू यादव ह्या गुंडाला बायकांच्या जमावाने तिखटाची पूड, दगड आणि चाकू घेऊन ठार केले. बायका कस्तुरबानगरच्या होत्या. ही वस्ती बहुसंख्येने दलितांची. दहा वर्षांहून अधिक काळ खून, बलात्कार आणि खंडणी यांनी त्याने ती वस्ती जेरीस आणली होती. तो पकडला जाई आणि सुटून येई. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले.

ह्या घटनेवरील दोन कृती मी पाठोपाठ पाहिल्या. पहिली म्हणजे २०२१ चा हिंदी चित्रपट '२०० हल्ला हो'. सार्थक दासगुप्ता दिग्दर्शक, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू प्रमुख भूमिकांत. हा चित्रपट जातीचे नाव उच्चारायला कचरत नाही. हिंदी पडद्यावर ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याचा भार पालेकरांनी केलेल्या निवृत्त दलित न्यायाधीशाच्या घालमेलीवर पडला आहे. वस्तीतल्या बायकांनी जे वर्षानुवर्षे भोगले ते खरे ठरायला एका विद्वान पुरुषाची खात्री पटावी लागते. तो आपल्यातलाच आहे म्हणून ही उतरंड नाहीशी होत नाही.

दुसरी कृती म्हणजे नेटफ्लिक्सवरील 'इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम', ऑक्टोबर २०२२ मधील तीन भागांची माहितीपट-मालिका. 'वळू', 'विहीर', 'देऊळ' करणारे उमेश विनायक कुलकर्णी तिचे दिग्दर्शक. येथे वस्तीतल्या बायका स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलतात, आणि मला ही मालिका पहिल्या कृतीहून मोलाची वाटते ती ह्याच कारणाने. त्या बोलण्यात आर्जव नाही. कोणी दया करावी म्हणून त्या बोलत नाहीत.

पण मालिकेचे नाव पहा. प्रिडेटर म्हणजे शिकार करणारे जनावर. त्याच वर्षी त्याच मालेत आलेल्या इतर मालिकांच्या नावांत दिल्लीचा खाटीक आहे आणि बंगळूरचे श्वापद आहे. हे नुसते जाहिरातीचे शब्द नव्हेत. गुन्हेगार श्वापद ठरला की त्याचा हिशेब त्याच्यापाशीच संपतो. श्वापदाला कोणी जामीन दिला, कोणी त्याच्याकडून हप्ता घेतला, कोणी तक्रार घेऊन आलेल्या बाईला परत पाठवले, हे विचारण्याचे कारण राहत नाही. अक्कू यादव एकटा होता. त्याला दहा वर्षे पुरवणारी व्यवस्था एकटी नव्हती. मालेच्या नावाने तिला आधीच निर्दोष सोडलेले असते, मग आतल्या बायका काहीही सांगोत.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या दिवशी न्यायालयात जे घडले त्याचा जयघोष मी करीत नाही. घटनेवर ज्यांची निष्ठा आहे त्यांना कायद्याच्या फरशीवर सांडलेले रक्त पाहून आनंद होऊ शकत नाही. म्हणूनच त्या घटनेचे खरे परीक्षण आवश्यक आहे. 'चंडिका अवतरली' अशा भाषेत तिचे वर्णन करणारे लोक वस्तीचा गौरव करीत नाहीत. कायदा तेथे का पोहोचला नाही, हा प्रश्न ते मिटवून टाकतात.

असा प्रश्न न मिटवता सांगता येतो का? येतो. 'इन द डार्क' ह्या अमेरिकन पॉडकास्टचे २०१८ सालचे दुसरे पर्व हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मिसिसिपी राज्यातील विनोना गावी १९९६ साली एका फर्निचरच्या दुकानात चार माणसांचे खून झाले. त्यासाठी कर्टिस फ्लॉवर्स ह्या काळ्या माणसावर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला. तेथे निर्णय नागरिकांतून निवडलेले ज्युरी देतात, आणि वकिलांना काही ज्युरी कारण न सांगता वगळता येतात. वार्ताहरांनी त्या भागात सुमारे वर्षभर मुक्काम केला आणि १९९२ ते २०१७ ह्या काळातील खटल्यांचे कागद बाहेर काढून मोजणी केली. तेथील सरकारी पक्ष गोऱ्यांच्या मानाने काळ्या ज्युरींना सुमारे साडेचार पट अधिक प्रमाणात वगळत होता. फ्लॉवर्सच्या सहा खटल्यांत मिळून अशा ४२ काळ्या उमेदवारांपैकी ४१ वगळले गेल्याची नोंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केली. जून २०१९ मध्ये त्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये आरोपच मागे घेतले गेले. तोवर त्याची सुमारे तेवीस वर्षे गेली होती.

ह्या कथनात उत्कंठा आहे, पण ती खुन्याचा माग काढण्याची नव्हे. न्याय देणारे यंत्र आतून कसे चालते, ते पाहण्याची आहे. गठ्ठ्यांतले कागद मोजणे हेही नाट्य होऊ शकते, हे त्या वार्ताहरांनी दाखवून दिले.

आपल्याकडे असे मोजायला काय कमी आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे आहेत. म्हणजे दिवसाला दीडशेहून अधिक, आणि हे फक्त नोंदलेले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आपले कर्तव्य जाणूनबुजून टाळणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी सरकारी नोकराला शिक्षा सांगते. त्या एका कलमावर एखादी मालिका होऊ शकेल. खैरलांजीचेच पहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही न्यायालयांनी लागू केला नाही. आरोपी सापडले, शिक्षा झाली, आणि गुन्ह्यातून जात मात्र वगळली गेली. 'कोणी केले' हा प्रश्न सुटला की गोष्ट संपली, असे मानणाऱ्या कथनप्रकाराला ही गोष्ट दिसणारच नाही.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्या घटनेपासून सुरू होणारा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा झाला. चौदा वर्षांचे काम. तो सत्य गुन्हेकथेच्या फळीवर कोणी ठेवीत नाही. का? माझ्या मते एकच कारण आहे : त्यात गोळी सुटते ती सरकारी बंदुकीतून, आणि त्या बाजूचा गुन्हा हा गुन्हा मानण्याची सवय आपल्या परीक्षकांना लागलेली नाही. त्या चित्रपटात मेलेल्यांची वस्ती गाते, भांडते, जगते. माणूस तेथे केवळ प्रेत म्हणून येत नाही.

तेव्हा ह्या प्रकारची कोणतीही कृती पाहताना किंवा ऐकताना चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते, जीपमध्ये पुढे बसलेल्याच्या की मागे कोंबलेल्याच्या? मेलेला माणूस मरण्यापूर्वी कोण होता, हे कळते का? ठाण्याची डायरी, दोषारोपपत्र, लावलेली आणि गाळलेली कलमे यांकडे कथन वळते का? आणि ज्यांचे दुःख सांगितले, त्यांना विचारले होते का, त्यातून आलेल्या पैशात आणि श्रेयात त्यांचा वाटा किती? वेग आणि अभिनय यांचे गुण ह्यानंतर द्यावेत.

नुसत्या परीक्षणाने मात्र भागणार नाही. पॉडकास्ट करायला स्टुडिओ लागत नाही. मोबाईल लागतो, तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालण्याची चिकाटी लागते, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता यावा लागतो. २००५ पासून तो कायदा आपल्या हातात आहे. आपल्या तरुणांनी एक ठाणे निवडावे, दहा वर्षांतील अत्याचाराच्या फिर्यादी मोजाव्यात, किती नोंदल्या, किती एनसीवर मिटल्या, किती खटल्यांत साक्षीदार फितूर झाले, ते सांगावे. सांगताना त्या माणसांच्याच बोलीत, त्यांना विचारून सांगावे. आत्मकथनांनी मराठी वाचकाला जे ऐकायला लावले, ते आता कानांनीही ऐकवता येईल.